आडवाटकर

आमच्या आडवाटकरांचं खरं आडनाव निराळं आहे, पण त्या नावानं त्यांना हाक मारतं ते फक्त वीजबिल. ज्या ठिकाणी पाटी, तिकीट आणि भेळवाला आहे, ते ठिकाण त्यांच्या लेखी कामातून गेलेलं. ‘वेरूळला जाऊन आलो’ असं कोणी उत्साहानं सांगितलं की ते सुतकी चेहरा करून विचारतात, “मग पितळखोरा?” पितळखोरा आपण पाहिलेलं नसतंच. वेरूळहून कितीतरी जुनी ती लेणी आपण चुकवली, हे कळल्यावर त्यांना बरं वाटतं. चुकून पाहिलेली असलीच, तर ते जराही न डगमगता घटोत्कच लेणी काढतात. तिथे मात्र भलेभले चीत होतात.

मध्यंतरी घरची मंडळी कोल्हापूरला निघाली होती. वहिनींना अंबाबाईची ओटी भरायची होती. कोल्हापूर जवळ आलं आणि गाडी जयसिंगपूरकडे वळली. “देवी कुठे जात नाही,” आडवाटकर म्हणाले, आणि सगळे कृष्णाकाठी खिद्रापूरला पोचले. आता खरं सांगायचं तर कोपेश्वराचं ते देऊळ पाहून वहिनीही राग विसरल्या. शिलाहारांच्या काळातलं काम. पुढच्या स्वर्गमंडपाला मधोमध छप्परच नाही. कोरीव खांबांच्या वर्तुळात उभं राहून मान वर केली की गोल आभाळ. तेवढ्यावर निघायचं होतं. पण धाकट्यानं विचारलं, “बाबा, महादेवाच्या देवळात नंदी कुठाय?”

हा प्रश्न आडवाटकरांना कधीही विचारू नये. इथला नंदी यडूरला आहे, असं गावकरी सांगतात. यडूर नदीपलीकडे, कर्नाटकात. गाडी यडूरला गेली. ओटीचा खण आणि नारळ दोन राज्यांची हवा खाऊन पुण्याला परत आले.

गावात शिरण्याची त्यांची एक पद्धत आहे. पारावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी बसायचं आणि विचारायचं, “मामा, गावात जुनं काय आहे?”

“मीच हाय की,” एका मामांनी सांगितलं होतं.

आडवाटकर हसले नाहीत. ते वीरगळ शोधत होते. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाशी लढाई, मग वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवपूजा आणि माथ्यावर सूर्यचंद्र. त्या गावचा वीरगळ देवळामागे सापडला, पण त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर. आडवाटकर गुडघ्यावर बसून शेंदराखालची अप्सरा चाचपू लागले, तेव्हा मागून एक आजी कडाडल्या, “आदी पाया पड, मग हात लाव!” ते पाया पडले. त्यांच्या अभ्यासाला एवढीच एक शिस्त कोणी लावू शकलं आहे.

जेवणाच्या बाबतीत त्यांचं दुर्दैव मोठं आहे. खानदेशात एका घरी त्यांनी कळण्याची भाकरी आणि ठेचा मागितला. पुण्याचे पाहुणे म्हणून घरच्या सुनेनं मान राखला आणि नूडल्स केले. वर सॉस.

पण त्यांचं खरं दुःख वेगळंच. त्यांनी शोधलेली जागा (म्हणजे गावाला आठशे वर्षं माहीत असलेली) लोकांना कळते. खिद्रापूरला आता त्रिपुरारी पौर्णिमेला चंद्र पाहायला झुंबड उडते. “मी अमावस्येला जातो,” ते खिन्नपणे सांगतात. लोकांना कळतं कसं, हे त्यांना उमगत नाही. ‘कृपया कोणाला सांगू नका’ असं लिहून नकाशासकट फोटो ते स्वतःच सात-आठ ग्रुपांवर पाठवतात.

तरीही मी त्यांच्याबरोबर जातो. सातारच्या महामार्गावरून आयुष्यभर ये-जा केली, पण रस्त्यापासून थोडं आत, लिंबला, बारा मोटांची विहीर आहे, हे मला आडवाटकरांनी दाखवलं. शके १६४१ ते १६४६ या काळात विरूबाई भोसल्यांनी बांधलेली. लांबून पाहावं तर काहीच नाही. पायऱ्या उतरून गेलं की अष्टकोनी विहीर आणि तिच्या पोटात चक्क महाल. एकेकाळी इथे एका वेळी बारा मोटा चालत, त्यावर आमराई पोसली जाई. मला वाटलं, आता तासभर व्याख्यान. आडवाटकर एक शब्द बोलले नाहीत. पायऱ्यांवर लोकांनी टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या त्यांनी वाकून वाकून गोळा केल्या, पिशवीत भरल्या आणि पिशवी गाडीत माझ्या पायाशी ठेवली.

असा माणूस तुमच्या ओळखीत असेल तर त्याच्याबरोबर जरूर जा. डबा घरून न्या, परतायची वेळ कोणाला कळवू नका आणि देवळात काही दिसलं नाही, तर ते कुठे गेलं म्हणून विचारू नका.