पगार कितला शे?

जून उजाडला की जळगाव-धुळ्याच्या चौकांतले नेत्यांच्या वाढदिवसाचे फलक थोडे आत सरकतात आणि त्या जागी पॅकेज उगवतं. हसणारा एक पोरगा, शेजारी भला मोठा आकडा, खाली कॉलेजचा मोबाइल नंबर. आकडा त्या एकट्या पोराचा. वर्गातले बाकीचे कुठं गेले, ते फलकावर मावत नाही.

केमिकलवाले असतील तर बरेचसे अंकलेश्वर, दहेज, वापीला गेले. केमिकल इंजिनीअरिंग शिकायची सोय खानदेशात भरपूर आहे. जळगावच्या विद्यापीठाच्या आवारात रासायनिक तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था आहे. जवळच बांभोरीला एसएसबीटी, तिकडं धुळ्याला एसएसव्हीपीएस. शिकल्यावर कामाला मात्र पीव्हीसी पाइप, चटया, डाळमिल आणि तेलगिरण्या. डाळमिलला डिस्टिलेशन कॉलम लागत नाही. म्हणून पोरगं सुरतेकडची गाडी धरतं. वाटेत नवापूरचं स्टेशन लागतं, अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातेत. कर्जाचं खातं आपल्या अर्ध्यात, कारखाना त्यांच्या.

आता हिशोब. फी, होस्टेल, मेस धरून दरसाल एक लाखाचं कर्ज घेतलं आणि व्याज १० टक्के लागलं असं समजू. हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो; तोवर सरळव्याज. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं, शेवटच्या लाखावर दोन वर्षांचं. सगळं मिळून १ लाख ४० हजार. म्हणजे घेतले चार लाख आणि फेडायला बसताना झाले ५ लाख ४० हजार. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला ८,९६५ रुपये.

ज्या वर्षी हप्त्याला सूट, त्याच वर्षी आपला इंजिनीअर बहुधा पदवीधर शिकाऊ उमेदवार असतो. २०१९ च्या नियमानं त्याचं किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरवलं. हप्ता तेव्हाच सुरू झाला असता तर हातात ३५ रुपये उरले असते. ते उरू नयेत म्हणून बँकेनं वर्षभराची सूट ठेवली असावी. बँकेला काळीज नसतं असं कोण म्हणतं?

पुढच्या वर्षी तो ‘ट्रेनी’ होतो. गुजरातेतून येणारी पोरं हातात पंधरा ते वीस हजार पडतात असं सांगतात. चौघांत एक खोली, डबा, रात्रपाळी. ओव्हरटाइम नाही, कारण साहेब ‘स्टाफ’मध्ये. शेजारी पॅनलवर गावाकडचाच एक गडी भेटतो. त्यानं दहावीनंतर आयटीआयला दोन वर्षांचा एओसीपी, म्हणजे केमिकल प्लांटच्या ऑपरेटरचा कोर्स केला. आज त्याच्याकडं अनुभव आहे, ओव्हरटाइम आहे, कर्ज नाही. अमळनेरला बी.एस्सी. केमिस्ट्री केलेला मित्र लॅबमध्ये एसीत बसून नमुने तपासतो. इंजिनीअर रिअ‍ॅक्टरपाशी घामाघूम होऊन बॅच सांभाळतो. पुढं दहा-बारा वर्षांनी तो या दोघांना मागं टाकेल, तेही खरं. पण हप्ता तेवढी वर्षं थांबत नाही.

आणि फलकावरचं पॅकेज? त्यात कंपनीचा पीएफचा वाटा असतो. ग्रॅच्युइटी असते, जी साधारण पाच वर्षं टिकलात तर मिळते. कधी कॅन्टीन आणि बससुद्धा असते. बसमधून उतरून तिचे पैसे बँकेत भरता येत नाहीत.

बँकेचा नियम तसा उदार. आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण नको. तरीही ‘सातबारा असू द्या सोबत’ म्हणणारे साहेब भेटतातच. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षणकाळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. अर्थात अटी पाळल्या आणि दाखला वेळेत मिळाला तर. वेळेत दाखला मिळणं हीच मोठी अट. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क माफ झालं, हे मात्र खरोखर बरं झालं.

प्रवेशाच्या समुपदेशकाकडं शेवटचं अस्त्र असतं : मुकेश अंबानीसुद्धा केमिकलचेच! खरं आहे, माटुंग्याच्या यूडीसीटीचे. पण त्यांना कुणी जामीनदार विचारला नव्हता.

केमिकलला जाऊच नये, असं माझं म्हणणं नाही. औषधं, खतं, रंग, पाइप, सगळं याच शाखेवर चालतं. राग आहे तो एका आकड्यावर चार वर्षं विकण्याचा. बाप कपाशी विकून पहिला हप्ता भरतो, गावच्या ओट्यावर लोक विचारतात, ‘पोऱ्या इंजिनेर व्हयना ना? पगार कितला शे?’ आणि बापाला फलकावरचाच आकडा सांगावा लागतो.

दहावीच्या गणितात आपण सगळ्यांनी मध्यक काढलाय : पगार चढत्या क्रमानं मांडा, बरोबर मधला उचला. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजला नोकरी लागलेल्या मुलांच्या पगाराचा हा मध्यक कळवावाच लागतो. पण त्यात कॉम्प्युटरवाल्यांचे पगारही मिसळलेले असतात. तेव्हा पालकहो, प्रवेशाच्या कॅप फेरीत कॉलेजांचा पसंतिक्रम भरण्याआधी तीन गोष्टी विचारा : केमिकलचा एकट्याचा मध्यक किती, वर्गातल्या किती जणांना नोकरी लागली, आणि सगळं कापून हातात किती पडतात. उत्तर तोंडी नको, लेखी घ्या.