गाजरगवतवाले साहेब

जिल्हा परिषदेच्या आकृतिबंधात, म्हणजे कोणत्या विभागात कोणत्या पदावर किती माणसे असावीत हे ठरवणाऱ्या तक्त्यात, तणनियंत्रणतज्ज्ञ नावाचे पद सापडत नाही. तरीही धाराशिव जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत हा मनुष्य असतो, आणि तो नेमला जात नाही, घडतो. घडण्याची रीत साधी आहे. पावसाळ्याच्या तोंडावर वरिष्ठ कार्यालयाकडून गाजरगवत निर्मूलनाचे पत्र पंचायत समितीत येते, 'आवश्यक त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा घेऊन ते टेबलामागून टेबले ओलांडते, आणि जो कृषी अधिकारी किंवा विस्तार अधिकारी ते पुढच्या टेबलावर सरकवण्यात घटकाभर उशीर करतो, त्याच्या नावाने त्या विषयाची पुढची सर्व पत्रे, बैठका व तक्रारी कायमच्या येऊ लागतात. वर्ष संपायच्या आत त्याचे आडनाव मागे पडते आणि तो 'गाजरगवतवाले साहेब' होतो. उमरग्याहून परंड्याला बदली झाली तरी हे बिरूद सेवापुस्तकाच्या आधी तेथे पोहोचते.

ज्या वनस्पतीने त्याला हे बिरूद मिळवून दिले ती पार्थेनियम हिस्टेरोफोरस ही मूळची मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या प्रदेशातील वर्षायू, म्हणजे एका वर्षात आयुष्य उरकणारी, वनस्पती होय. पाने गाजरासारखी म्हणून गाजरगवत, आणि पांढऱ्या फुलांचा संबंध टोप्यांशी जोडला गेल्यामुळे काँग्रेस गवत. सरकारी पत्रव्यवहारात यांपैकी पहिलेच नाव वापरण्याची दक्षता तो घेतो, कारण सत्तेवर कोणीही असो, दुसऱ्या नावापुढे 'समूळ उच्चाटनाबाबत' असे शब्द असलेले पत्र आपल्या सहीने बाहेर पडू नये इतपत प्रशासकीय समज त्याला असते. हे तण भारतात पहिल्यांदा ठळकपणे नोंदले गेले ते १९५५ साली पुण्यात, आणि ते पी. एल. ४८० च्या गव्हाबरोबर, म्हणजे अमेरिकेने रुपयांत किंमत घेऊन पुरवलेल्या धान्याबरोबर आले, हे गावोगावच्या सभांत सांगितले जाते. परंतु त्या कार्यक्रमाखालील भारताचा पहिला मोठा करार ऑगस्ट १९५६ मधला असल्याने तण कागदपत्रांच्या आधीच येऊन बसले होते असे मानावे लागते. साहेबांना ही विसंगती ठाऊक असते. पण सभेत ते ती बोलून दाखवत नाहीत, कारण इतका दूरचा, इतका श्रीमंत आणि खुलासा मागवता न येणारा आरोपी हातचा घालवणे कोणालाच परवडत नाही.

तणाची ताकद तीन गोष्टींत आहे: एका झाडाला हजारोंनी येणाऱ्या हलक्या बिया, उगवल्यापासून महिन्याभरात फुलावर येण्याची घाई, आणि मुळांतून व कुजणाऱ्या पानांतून अशी द्रव्ये सोडण्याची खोड की ज्यामुळे शेजारची इतर रोपे खुरटतात. यात माणसासाठी आणखी एक भर पडते. त्याचा स्पर्श व पराग यांमुळे त्वचेला खाज सुटते, काहींना दमा जडतो. विधिलिखित असे की, अनेक वर्षे या तणाच्या सहवासात काढलेल्या तज्ज्ञालाच त्याची बाधा सर्वांत आधी होते. मानेवर काळसर चट्टे, भर उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा, खिशात मलमाची ट्यूब, ही त्याची ओळखपत्रे होत. त्याला गावाच्या वेशीवरच शिंका आली की क्षेत्रीय पाहणी पुरी झाली असे सोबतचा शिपाई समजतो, आणि हा अंदाज सहसा चुकत नाही.

तथापि, त्याचे खरे पांडित्य वनस्पतिशास्त्रात नसते. गाजरगवत उभ्या पिकात शिरले तर शेतकरी त्याला खुरप्याने काढतोच, तेथे साहेबांची गरज नसते. त्याचे साम्राज्य असते ते बांधावर, रस्त्याच्या कडेला, गायरानात, कालव्याच्या भरावावर आणि पोटखराब्यात, म्हणजे सातबाऱ्यावर लागवडीस अयोग्य म्हणून नोंदलेल्या तुकड्यावर. थोडक्यात, जेथे मालकी संशयास्पद, तेथे गाजरगवत निर्धास्त. त्यामुळे या मनुष्याला पाने-फुले कमी आणि हद्दी अधिक अभ्यासाव्या लागतात. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशीवरून बीडकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेचे गवत महामार्गवाल्यांचे, आतल्या फाट्यावरचे सार्वजनिक बांधकाम विभागाचे, त्याच्याही आतल्या गावरस्त्यावरचे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे, तेरणेच्या कालव्यावरचे जलसंपदावाल्यांचे, रुळालगतचे रेल्वेचे, आणि गायरानातले महसूल विभाग व ग्रामपंचायत एकमेकांचे म्हणतात तोपर्यंत कोणाचेच नाही. बी मात्र या सर्व खात्यांत वाऱ्यासरशी, पाण्यासरशी आणि ट्रॅक्टरच्या चाकातील चिखलासरशी विना-हरकत फिरत असते.

बांधाचे प्रकरण याहून नाजूक असते. कळंब किंवा भूम तालुक्यातील कोणताही बांध उदाहरणादाखल घ्यावा. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन चुलतभाऊ असतात, त्यांच्यात त्याच बांधाच्या चार बोटांवरून तहसील कचेरीत तारखा पडत असतात, आणि बांधावर कमरेएवढे गाजरगवत फुललेले असते. साहेब पहिल्याला ते काढायला सांगतात, तेव्हा तो उदारपणे म्हणतो, "सायेब, बांध त्येचा हाय, त्येनंच काढावं." हा उदारपणा कचेरीत केलेल्या अर्जाच्या नेमका विरुद्ध असतो. दुसरा भाऊ त्याहून कायदेपंडित निघतो. "बांध माजा हाय एवढं त्येला लिहून द्याय लावा, आत्ता उपटतो सगळं." हा कागद मिळाला तर जिल्ह्यातील निम्मे बांधाचे दावे एका पावसाळ्यात निकाली निघतील, हे साहेबांच्या ध्यानात येते; पण दावे निकाली काढणे हे त्यांच्या कर्तव्यसूचीत नसल्याने ते नोंदवहीत 'उभय पक्षांस समज दिली' एवढेच लिहून पुढच्या बांधाकडे वळतात. अशा तऱ्हेने ज्याची मालकी सर्वांनी नाकारली त्या पिकाला शेवटी एकच धनी उरतो. पारावर बसलेली म्हातारी माणसे त्यांना पाहताच आपुलकीने चौकशी करतात, "सायेब, औंदा तुमचं गाजरगवत लई माजलंय बगा!"

दुसरीकडे काय चालते याची माहिती त्यांना असते आणि ती त्यांना फारशी सुखावह नसते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात हेच तण कुरणांना ग्रासून आहे. तेथे २०१४ च्या जैवसुरक्षा कायद्यान्वये आपल्या जमिनीवरील अशा तणाचा धोका आटोक्यात ठेवणे ही जमीनधारकाची जबाबदारी ठरते, आणि स्थानिक परिषदांचे अधिकारी तपासणीला येतात तेव्हा त्यांच्या मागे कायदा उभा असतो. उमरग्याच्या पलीकडे लागलीच सुरू होणाऱ्या कर्नाटकानेही या तणाला १९७५ सालीच उपद्रवी घोषित केले होते. घोषणेनंतर तण कर्नाटकातून हलले नाही ही गोष्ट वेगळी; पण आपल्याकडील तज्ज्ञाच्या मागे शिपाई उभा असतो, आणि तोही जेवणाच्या सुटीपर्यंत.

या एकाकी लढाईत त्याचा एकमेव निष्ठावंत सहकारी म्हणजे मेक्सिकन भुंगा. जैविक नियंत्रण, म्हणजे परक्या मुलखातून आलेल्या शत्रूमागे त्याच्याच मुलखातला खाणारा आणून सोडणे, या पद्धतीनुसार झायगोग्रामा बायकोलोराटा नावाचा हा कीटक भारतात आणला गेला आणि १९८४ मध्ये बंगळुरूजवळ मोकळा सोडला गेला. मराठवाड्यासाठी त्याची पैदास परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात होते. तुरीच्या दाण्याएवढा, मळकट पांढरा, पाठीवर तपकिरी वेड्यावाकड्या रेघा असलेला हा भुंगा आणि त्याच्या पिवळसर अळ्या गाजरगवताचा पाला आवडीने खातात. परभणीहून एस. टी. ने परतताना साहेबांच्या मांडीवर दाभणाने टोपणाला भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या बरण्या असतात, आत पाल्याच्या डहाळ्यांवर भुंगे चढ-उतर करत असतात, शेजारचा प्रवासी हळूहळू आसनाच्या कडेला सरकतो आणि वाहक बराच वेळ निरखून विचारतो, "ह्ये सरकारी हायत का खाजगी?" सरकारी, असे कळल्यावर तो तिकिटाचा आग्रह सोडतो.

भुंग्याविषयी साहेबांना आदरही वाटतो आणि किंचित असूयाही. पहिला जोरदार पाऊस पडला की तो आदेशाविना कामावर रुजू होतो, पावसाळाभर दिवसरात्र चरतो, आणि थंडी-उन्हाळ्यात कोणताही रजेचा अर्ज न देता जमिनीत स्वतःला गाडून घेऊन पुढच्या पावसापर्यंत स्वस्थ राहतो. त्याची विभागीय चौकशीही होऊन गेलेली आहे. १९९० च्या सुमारास तो कर्नाटकात सूर्यफुलाची पाने खाताना आढळला, तेव्हा केंद्रीय पातळीवर समिती बसली, नवीन भुंगे सोडणे काही वर्षे थांबले, आणि अखेर पिकाला त्याच्यापासून लक्षणीय धोका नाही असे ठरून तो सन्मानाने सेवेत परतला. धाराशिव-लातूर हा एके काळी सूर्यफुलाचा पट्टा असल्याने ही आठवण येथे बुजत नाही, आणि बरणी उघडली की कोणीतरी विचारतेच की, गाजरगवत संपल्यावर हे भुंगे काय खाणार. साहेबांचे उत्तर ठरलेले असते: तो प्रसंग आपल्या सेवाकाळात उद्भवण्याची शक्यता नाही.

इतर उपायांची कथा थोडक्यात सांगता येते. मोकळ्या जागी तरोट्याचे बी फेकावे, म्हणजे तो दाट वाढून गाजरगवताला दडपतो, अशी शिफारस आहे. पण कोवळ्या तरोट्याची भाजी या भागात चवीने खाल्ली जात असल्याने साहेबांनी फेकलेले बी उगवताच बाया ओटीभर खुडून नेतात आणि वर पुढच्या वर्षी जरा जास्त टाका असे सुचवतात. फुलोऱ्यापूर्वी उपटून कंपोस्ट करावे हा सल्ला उत्तम आहे, मात्र हातमोजे घालून. हातमोज्यांची मागणी केली की लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या खाती टाकायचा तो क्रमांक, विचारला जातो. ग्लायफोसेट हे तणनाशक ऑक्टोबर २०२२ च्या केंद्रीय आदेशाने फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांच्या हातून मारायचे ठरले. असा परवानाधारक तालुक्यात कोण, या चौकशीची पत्रेही साहेबांकडेच येतात. मजूर लावून उपटावे म्हटले, तर रोजगार हमीतून टिकाऊ मत्ता निर्माण व्हावी अशी अपेक्षा असते, आणि या माळरानावरची सर्वांत टिकाऊ मत्ता तर गाजरगवत हीच आहे.

वर्षाचा मुख्य सोहळा म्हणजे १६ ते २२ ऑगस्ट हा जागृती सप्ताह. जबलपूरचे तण संशोधन संचालनालय तो देशभर घडवून आणते, आणि झेंडावंदनाच्या दुसऱ्याच दिवशी तो सुरू होत असल्याने मांडवाचा व ध्वनिक्षेपकाचा खर्च वाचतो ही त्याची प्रशासकीय बाजू भक्कम आहे. वनस्पतिशास्त्रीय बाजू तितकी भक्कम म्हणवत नाही. तण फुलण्यापूर्वी काढावे असे भाषणात सांगितले जाते तेव्हा जूनच्या पावसावर उगवलेले तण व्यासपीठामागे पांढरेशुभ्र फुललेले असते, आणि उपटताना विद्यार्थ्यांच्या हातून त्याचे बी शाळेच्या ज्या कोपऱ्यात नव्हते तेथेही पोहोचते.

गाजरगवताखेरीज वेड्या बाभळीची संचिकाही त्याच्याच कपाटात येते. तलावांच्या पोटात व गायरानांत माजलेली ही परदेशी काटेरी बाभूळ तोडली तर बुडातून जोमाने फुटते, आणि तिच्या गोड शेंगा खाऊन लेंडीवाटे तिचे बी सगळीकडे पेरण्याचे काम उस्मानाबादी शेळी करते. तीच ती काळी, अनेकदा जुळी देणारी म्हणून देशभर नावाजलेली, या जिल्ह्याची कीर्ती. प्रसाराचे कारण म्हणून शेळीचे नाव अहवालात लिहावे, तर त्याच जिल्हा परिषदेचा पशुसंवर्धन विभाग अनुदानावर शेळ्यांचे गट वाटत असतो. म्हणून साहेब 'प्रसार नैसर्गिक कारणांनी' असे लिहितात आणि दुपारी त्याच शेळीच्या दुधाचा चहा पितात.

सर्वांत कसोटीचा काळ मार्चअखेरचा. निर्मूलन झालेल्या क्षेत्राची प्रगत बेरीज, म्हणजे प्रत्येक वर्षाचा आकडा मागच्यात मिळवत नेलेली एकूण, तेच गायरान दरवर्षी नव्याने साफ होत असल्याने काही वर्षांत तालुक्याच्या भौगोलिक क्षेत्रापलीकडे जाते, आणि एखादा चौकस लेखापरीक्षक त्यावर बोट ठेवतो. खुलासा तयारच असतो: 'सदर क्षेत्र वारंवार निर्मूलित झाले असल्याने तफावत दिसून येते.' परीक्षकाचे त्याने समाधान होते, फक्त तो कामापूर्वीची व कामानंतरची छायाचित्रे जोडण्यास सांगतो. यासाठी अनुभवी तज्ज्ञ एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, जेव्हा या जिल्ह्याच्या माळावर आपणहून काहीही हिरवे उरत नाही, मोटारसायकल काढून गावोगाव फिरतो आणि पुढील तीन वर्षांची 'कामानंतर'ची छायाचित्रे एकाच फेरीत काढून ठेवतो.