श्रीयुत ‘मध्यम’ यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. श्री. मध्यम,
हवा गुणवत्ता निर्देशांक, १०१ ते २००,
हिवाळी मुक्काम : मुंबई.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या समजूतदारपणाचं जाहीर कौतुक कुणीतरी करायलाच हवं होतं. आपले थोरले बंधू ‘गंभीर’ दिल्लीत उतरले की शाळा बंद, ट्रक बंद, वाहिन्यांवर तज्ज्ञांची भाऊगर्दी. आपलं तसं नाही. आपण पिवळ्या रंगात हसतमुखाने फलकावर येता आणि कुणाची झोप म्हणून मोडत नाही.

माझी ओळख करून देतो. वय ६४, प्लास्टी झालेली, दोन स्टेंट. मीठ बंद, तूप बंद, सिगारेट तर कधीच बंद. रोज सकाळी पाऊण तास चालायचं, असा डॉक्टरांचा हुकूम. माझ्या फाइलीत शुगर आहे, कोलेस्टेरॉल आहे, वडिलांना अटॅक कितव्या वर्षी आला तेही आहे. मी हवा कसली घेतो, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. आपण ‘मध्यम’ असल्यावर विचारणार तरी काय!

तर सकाळी सहाला मैदानाच्या कट्ट्यावर आमची बायपास-प्लास्टी मंडळी जमतात. समोर टॉवर उठतोय. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम काढले, की इमारत ७० मीटरहून उंच असेल तर भोवती ३५ फुटी पत्रे ठोका, सगळ्या बाजूंनी हिरवं कापड किंवा ताडपत्री लावा, धुळीवर पाणी मारा. पत्रे चोख आहेत. त्यांवर तलावात डुंबणाऱ्या कुटुंबाचं चित्रही आहे. कापड वरच्या मजल्यांवर फाटलंय आणि त्या भोकातून सिमेंटची भुकटी सावकाश, घाई नसल्यासारखी खाली उतरते. पाण्याचा टँकर आला की ओळखावं, आज साहेब येणार. कट्टा झटकून बसलो तरी उठताना पँटवर करडा शिक्का असतोच.

पण ही दिसणारी धूळ बिचारी परवडली. ती बरीचशी नाकाघशातच अडते. आपली खरी माणसं न दिसणारी. डिझेल, कोळसा, पेटवलेला कचरा यांतून निघणारे पीएम २.५, म्हणजे केसाच्या तिसाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहूनही बारीक कण. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तिथल्या दाहाची झळ रक्तापर्यंत पोचवतात. रक्तदाब चढतो, वाहिन्यांचं अस्तर बिघडतं, रक्त गोठायला टेकतं, ठोक्यांची लय चुकते. धडधाकट माणसाच्या हे ध्यानातही येत नाही. ज्याची वाहिनी आधीच अरुंद झाली आहे, त्याला मात्र एवढं पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे बाहेरच्या प्रदूषित हवेने २०१९ मध्ये जगात ४२ लाख अकाली मृत्यू झाले. त्यांतले सुमारे ६८ टक्के हृदयविकार आणि पक्षाघाताचे. आमच्या कट्ट्यावर मात्र अजून ‘खोकला नाही ना? मग हवा झकास!’ हेच शास्त्र चालतं.

आपल्याला आपली नेमणूक ठाऊक असेलच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तक्त्यात आपल्या नावापुढे स्वच्छ लिहिलंय : दम्याच्या रुग्णांना श्वासाचा त्रास, हृदयरोगी, मुलं आणि वृद्ध यांना अस्वस्थता. म्हणजे मला अस्वस्थ करणं हे आपलं अधिकृत काम! काम थांबवण्याची वेळ मात्र आपली हद्द संपल्यावर येते. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली बांधकामं रोखली, ती निर्देशांक २०० च्या वर गेला म्हणून. एकशे एक ते दोनशे हा हृदयरोग्यांचा खाजगी मामला.

शिवाय आपण चोवीस तासांची सरासरी. थंडीत पहाटे हवा जमिनीलगत साचून राहते. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की जरा हलते. आमची सकाळ त्या दुपारीत मिसळायची, ताकात पाणी घालतात तशी, आणि राष्ट्रीय बुलेटिन काढायचं संध्याकाळी चारला. तोवर आम्ही चालून, नाश्ता करून, गोळ्या घेऊन झोपही काढलेली असते. मापदंडही उदार. पीएम २.५ साठी जागतिक संघटना २०२१ पासून दिवसाला घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम म्हणते, आपल्याकडे २००९ पासून ६० चालतात.

उन्हाळ्यात आपला जोर ओसरतो आणि उकाडा सूत्रं घेतो. अंग गार ठेवायला हृदयाला जास्त रक्त त्वचेकडे ढकलावं लागतं. त्यात लघवीची गोळी चालू असेल तर पाणी दोन्हीकडून जातं आणि उठता-उठता डोळ्यांपुढे अंधारी येते. उन्हाळे तापत चाललेत, तेव्हा तीही सोय वाढतीच.

विनंती एवढीच, की जी अस्वस्थता आपण आम्हाला देता, ती आपला आकडा १०० ओलांडताच बांधकामवाल्यांना, कचरा पेटवणाऱ्यांना आणि परवाने देणाऱ्यांनाही वाटावी, अशी व्यवस्था व्हावी.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक हृदयरोगी

ता. क. कट्ट्यावरच्या मंडळींसाठी : फलक पिवळा असेल त्या दिवशी पहाटेचा हट्ट सोडा, हमरस्ता टाळा. तोंडाला रुमाल बांधून हे कण अडत नाहीत, नीट बसणारा एन-९५ लागतो. उन्हाळ्याआधी गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. आणि छातीत दडपण आलं तर हवेला शिव्या देत बसू नका, १०८ ला फोन करा.