पिंग होतंय ना, मग झालं!

१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला. त्याच्यामागून सुट्या भागांची शेडं आली आणि शेडांमागून सबनेटं. आता बजाजनगरातल्या कुठल्याही कारखान्यात जा. ऑफिस १९२.१६८.१ मध्ये, नवं शेड १९२.१६८.२ मध्ये आणि शेडातला पीसी ऑफिसच्या डोमेनला जोडायला गेलं की पडद्यावर 'डोमेन कंट्रोलरशी संपर्क होऊ शकला नाही'. केबलवाला म्हणतो, लाइट लुकलुकतोय, माझं काम चोख. फायरवॉलवाला म्हणतो, पिंग होतंय, आणखी काय पाहिजे? मालक म्हणतात, यूट्यूब तर चालतंय! शेवटी सर्वानुमते विंडोज फॉरमॅट होते. चोर सोडून संन्याशाला फाशी.

खरा चोर त्या पीसीच्या डीएनएसच्या रकान्यात गूगलचा ८.८.८.८ बनून ऐटीत बसलेला असतो. गूगलला जगाचे पत्ते पाठ, पण तुमच्या जिन्याखालच्या सर्व्हरचा कसा असेल? त्या रकान्यात या सर्व्हरचा, म्हणजे डोमेन कंट्रोलरचा, आयपी घाला, फायरवॉलवर ५३, ८८, ३८९, ४४५ आणि आरपीसीची पोर्टं उघडा, दोन्हीकडच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक ठेवू नका. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. पण चार आकडे बदलल्याचं बिल कोण देणार? त्यापेक्षा नवा स्विच बरा. त्याचं निदान कोटेशन तरी निघतं.