चाचांची मुशी आणि एक टीबी

जून लागला की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराचा आवाज बदलतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी. ट्रॉलर आणि पर्ससीनच्या नौका बंदरात एकमेकींना खेटून उभ्या, लहान होड्या वर ओढून शाकारलेल्या, नेपाळी खलाशी आपापल्या मुलखाला गेलेले. इंजिनांची धडधड नाही, लिलावाची ओरड नाही, बर्फ फोडणाऱ्या यंत्राची खरखर नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाचा हाच काय तो हंगाम. पत्र्यावर पाऊस कोसळतो तेव्हा यंत्र बंद करून चहा प्यायचा.

म्हाताऱ्या तांडेलांना सवडही याच दिवसांत असते. जाळी तुणता तुणता ते बोलतात. उधाण, भांग, मतलई वारा, किती वाव पाण्यात कुठला मासा, कुठल्या खडकाने कुणाचं जाळं खाल्लं. जीपीएस आणि फिशफाइंडर आल्यापासून हे त्यांना कुणी विचारत नाही. मी विचारतो. एकदा विचारलं की थांबवणं माझ्या हातात राहत नाही.

मग हे सगळं ठेवायचं कशात, एवढाच प्रश्न उरतो.

चांगली हार्ड डिस्क कोणती, हे रत्नागिरीत कुणालाही विचारा, मत नाही असा माणूस भेटायचा नाही. दुकानदाराच्या मते सर्वात भरवशाची ती, जी आत्ता त्याच्याकडे शिल्लक आहे. पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याच्या मते डिस्कच घेऊ नये, सगळं क्लाउडवर टाकावं. पावसाळ्यात इथली लाईट जाते आणि तिच्यामागोमाग नेटही जातं, ही गोष्ट पुण्यात बसून पटत नाही.

मी आधी हिशेब मांडला. माझं यंत्र २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर, एका माइकने आवाज घेतं. तासाला साधारण अर्धा जीबी. म्हणजे एक टीबीच्या डिस्कमध्ये एकोणीसशे तास मावतात. माझ्या तांडेलांपैकी चाचा रोज आठ तास, जेवायला न उठता बोलले तरी आठ महिने जातील. वेगाचंही तसंच. असला एक आवाज सेकंदाला दीडशे केबीसुद्धा मागत नाही आणि साध्यातली साधी डिस्क त्याच्या शेकडो पट वेगाने लिहिते. तेव्हा खोक्यावरचे ते मोठमोठे आकडे आपल्यासाठी नाहीत. ते व्हिडिओवाल्यांसाठी आणि जावयासमोर ठेवण्यासाठी.

खरा जाणकार भेटला तो लग्नाचे फोटो काढणारा. या विषयात त्याच्याइतका पोळलेला माणूस नाही. पोतेऱ्यासारखी सुरकुतलेली साडीसुद्धा पुन्हा नेसता येते, सप्तपदी पुन्हा चालता येत नाही. त्याच्या कपाटात नवरा-नवरीच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या डिस्का रांगेने उभ्या आहेत. "ह्यांनी अजून अल्बम नेलेला नाही," तो एकीकडे बोट दाखवून म्हणाला, "मुलगा शाळेत जायला लागला." कपाटाच्या दारावर बिलं अडकवायला एक जाड, वाकडा लोहचुंबक होता. मेलेल्या डिस्कच्या पोटातून काढलेला. इतका जोरकस, की सोडवताना नख दुखावं. तिच्यातली तबकडीही त्याने जपून ठेवली आहे. आरशासारखी लख्ख, फक्त एका कडेला वर्तुळाकार बारीक ओरखडा. त्या ओरखड्यात एक अख्खी हळद गेली, असं तो म्हणाला.

चालू असताना या तबकडीवरून वाचणारी टोकं हवेच्या थरावर तरंगतात, तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर. आपला केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास जाडीचा. हवा लागते म्हणून साध्या डिस्कला गाळणी लावलेलं एक बारीक भोक असतं आणि पुष्कळदा शेजारी छापलेलं असतं की हे भोक बुजवू नका. हे लिहिणाऱ्याने जुलैतला मिरकरवाडा पाहिलेला नसावा. इथे हवा म्हणजे निम्मं पाणी आणि उरलेलं मीठ. गाळणी धूळ अडवते, दमटपणा तिला जुमानत नाही. म्हणून फोटोवाल्याच्या डिस्का घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतात.

एसएसडीचं काय, असं विचारलं. तिच्यात फिरणारं काही नाही. जेट्टीवर हातातून निसटली तरी बहुधा वाचेल. रोज वापरायला ती उत्तम. पण वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवून दिली तर आत साठवलेला भार हळूहळू ओसरू शकतो. शिवाय जाताना ती आवाज करत नाही. फिरती डिस्क निदान आधी टकटक करते. चार्जर वेगळा मागणारी मोठी डिस्कही त्याने बाद केली. वीज ये-जा करते तिथे लॅपटॉपच्याच वायरीवर चालणारी बरी, लॅपटॉपची बॅटरी तिला सांभाळते. आणि एक नको, दोन घ्या. दोन कंपन्यांच्या घ्या. एकाच घाण्यातल्या दोन घेतल्या तर एकाच सुमाराला आजारी पडायची भीती.

चाचांना मी नवी डिस्क दाखवली. त्यांनी ती तळहातावर तोलली.

"गॅरंटी किती?"

"तीन वर्षं."

"म्हंजे तीन वर्षांनी माझं बोलणं जाणार?"

मी समजावलं, की तीन वर्षांत बिघडली तर कंपनी नवी देते. "भरलेली?" त्यांनी विचारलं. कोरी, म्हटल्यावर ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, मासा बर्फावर टिकतो खरा, पण बर्फ कुठल्या कारखान्याचा यावर नाही टिकत. वितळेल तसा नवा घालत राहावा लागतो. डिस्कच्या बाबतीत याहून नेमका सल्ला मला कुठल्याही इंजिनिअरने दिलेला नाही.

आवाज टिकले ते असेच, भांडी बदलत. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात आपली संगमेश्वरी आहे, बाणकोटी आहे. पुढे त्याच सर्वेक्षणासाठी ठिकठिकाणच्या बोली ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेतल्या गेल्या, आणि त्या आज संगणकावर ऐकता येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीने झालेलं त्यांचं १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण गुरगावला ठेवलं गेलं, फ्रान्सलाही गेलं, आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या ओव्या गाणाऱ्या बाया कुणालाही ऐकता येतात. याउलट कधीकाळी स्टुडिओवाले ज्या डॅट टेपची शपथ घेत, तिची यंत्रं बनवणं सोनीने २००५ साली थांबवलं. टेप ठणठणीत असेलही, वाजवायची कशावर?

तेव्हा एक डिस्क माझ्याकडे राहील हे ठरलं. दुसरी दुसऱ्या गावी हवी. चिपळूणच्या मावशीने स्वतःहून कपाटातला खण देऊ केला. मावशी तळमजल्यावर राहते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणात काय झालं हे आठवून मी विषय आंब्यांकडे वळवला. पुण्याला पाठवावी म्हटलं तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर काढला. शेवटी ती क्लाउडवाल्या भाच्याकडेच गेली, तिसऱ्या मजल्यावर. दर मे महिन्यात तो आंबे न्यायला येतो तेव्हा डिस्क आणायची, लावून बघायची, नव्या फाइली भरायच्या, असा करार आहे. आंब्यांमुळे तो पाळला जातो.

एवढा बंदोबस्त करून मी निश्चिंत होतो. तोवर चाचांच्या नातवाने माझं यंत्र चालू असतानाच शेजारी बसून मोबाइलवर चाळीस सेकंदांची क्लिप घेतली होती. चाचांनी तरुणपणी पकडलेल्या मुशीची गोष्ट, आणि मध्येच बंद पडलेल्या इंजिनाला हासडलेल्या दोन शिव्या. ती त्याने व्हॉट्सॲपवर कुवेतच्या मामाला पाठवली. मामाने दुबईला, दुबईहून मस्कतला. रत्नागिरीचा माणूस आखातात जिथे जिथे आहे तिथे तिथे ती पोचली असावी, कारण आठवड्याभराने ती मलाच आली, दोन बाण डोक्यावर घेऊन. आवाज डबक्यातून आल्यासारखा. चाचा मात्र ओळखू येत होते.

चाचांची तक्रार वेगळीच. मुशीचं वजन सांगायच्या आधीच नातवाने बोट उचललं होतं. मस्कतहून फोन येत होते, किती किलोची? मग ती गोष्ट पुन्हा नीट घ्यायची, असा हुकूम सुटला. घेतली. पहिल्या मुद्रणात ती मुशी साठ किलोची आहे. दुसऱ्यात नव्वद, आणि वर दोन खलाशी पाण्यात पडले आहेत.

दोन्ही फाइली दोन्ही डिस्कांवर ठेवल्या आहेत. तिसरीलाही जागा आहे.