अठ्ठावीस मिलिमीटर उंचीच्या योद्ध्यांसाठी कॅमेरा कसा निवडावा

पटावरच्या युद्धखेळांसाठी रंगवलेल्या मिनिएचर सैनिकाची उंची साधारण २८ मिलिमीटर असते. हे माप तळपायापासून डोळ्यांपर्यंत धरायचे की डोक्यापर्यंत, यावर छंदातल्या जाणत्यांचे अजून एकमत नाही. हातातला भाला, शिरस्त्राणाचा तुरा आणि पायाखालची चकती धरली तर मूर्ती ४० मिलिमीटरपर्यंत जाते. खऱ्या माणसाच्या मानाने २८ मिलिमीटर म्हणजे सुमारे एकास साठ असे प्रमाण झाले. माणसाचा केस ०.०७ मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. तो ओल्या रंगात चिकटून राहिला, तर त्या सैनिकाच्या जगात तो चार मिलिमीटर जाडीचा दोर ठरतो. रंगवणाऱ्याला हा दोर दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतो. निवडीचा सगळा प्रश्न इथून उद्भवतो.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. एच. जी. वेल्स यांच्या १९१३ सालच्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांची छायाचित्रे आहेत, पण ती कृष्णधवल असल्याने रंगकामाबद्दल कोणी बोट दाखवू शकत नसे. पुढे इंग्लंडात १९७८ साली सिटाडेल मिनिएचर्स ही मिनिएचर बनवणारी कंपनी सुरू झाली आणि १९८७ पासून ‘गोल्डन डेमन’ ही रंगकामाची स्पर्धा भरू लागली. सैनिक लढण्यापेक्षा दिसण्यासाठी रंगवले जाऊ लागले, तेव्हापासून छायाचित्र अटळ झाले. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा मात्र या विवेचनातून वगळावा लागतो. त्याच्या मिशा कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात होतात, त्याचा फोटो सबंध किल्ल्यासह काढतात आणि शेजारी किल्ला बांधणारे पोर उभे असते. तो कोणत्याही कॅमेऱ्याने चांगला येतो.

कॅमेरा निवडण्याआधी रंगवणाऱ्याची इयत्ता ठरवावी, हा या शास्त्रातला पहिला नियम. २७ इंची पडद्यावर सैनिक उभा भरून दाखवला, तर तो मुळापेक्षा सुमारे १२ पट मोठा होतो. अर्ध्या मिलिमीटरचा डोळा सहा मिलिमीटरचा होतो आणि त्यातले बुबुळ नाकाकडे पाहत असल्याचे उघड होते. म्हणून नवशिक्याने उत्तम कॅमेरा घेणे हे स्वतःविरुद्ध साक्षीदार विकत घेण्यासारखे आहे. मध्यम कॅमेऱ्याचे खरे मोल वेगळेच असते: फोटो चांगला आला तर श्रेय रंगकामाला जाते, वाईट आला तर दोष कॅमेऱ्याला. महागडा कॅमेरा घेणाऱ्याला ही सोय कायमची गमवावी लागते.

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे खिशातला फोन. त्याचा सेन्सर लहान असल्याने फोकसची खोली बऱ्यापैकी मिळते आणि ती फुकट मिळते. अडचण अशी, की सैनिक जवळ आला की बरेच फोन आपणहून रुंद कोनाच्या लेन्सवर जातात. मग फोन मूर्तीच्या इतका जवळ न्यावा लागतो, की त्याचीच सावली रणांगणावर पडते. शिवाय पुढे आलेली तलवार वल्ह्याएवढी आणि मागचे डोके लिंबाएवढे दिसते. उपाय म्हणजे फोन वीतभर मागे घेऊन दुप्पट झूम लावणे. चेहरा नितळ करणारी सोय आधी बंद करावी. राक्षसाच्या गालावर संध्याकाळभर खपून काढलेले व्रण ती सौजन्याने पुसून टाकू शकते.

यापुढची पायरी लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याची. इथे ग्राहकाला ‘फुल फ्रेम’ सेन्सर आणि एफ १.४ची लेन्स दाखवली जाते, कारण लग्नाच्या फोटोंत नवरीमागचे मांडव, मामा आणि पंखे त्यामुळे छान धूसर होतात. मिनिएचरच्या बाबतीत हाच गुण घात करतो. फुल फ्रेम सेन्सरवर (३६ गुणिले २४ मिलिमीटर) उभ्या चौकटीत मूर्ती नीट भरेल इतक्या जवळून फोटो घेतला, तर एफ २.८ ला फोकसची खोली जेमतेम अर्धा मिलिमीटर मिळते. सैनिकाच्या नाकाच्या शेंड्यापासून पाठीवरच्या झग्यापर्यंत १५ ते २० मिलिमीटर अंतर असते. म्हणजे एक डोळा स्पष्ट, दुसरा धुक्यात आणि झगा बहुधा शेजारच्या तालुक्यात. एफ ८ ला ही खोली दीड मिलिमीटर होते, एफ १६ ला तीन. त्याहून छिद्र बारीक केले तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळेच थोडे थोडे मऊ दिसू लागते. स्पष्टता कोणालाच धड मिळत नाही, पण वाटप समान होते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात तीच चौकट तितक्याच एफ क्रमांकावर अधिक खोलीने येते, म्हणजे या एका कामात स्वस्त वस्तू महाग वस्तूला हरवते. असे प्रसंग विरळ असल्याने त्याची नोंद करणे आवश्यक आहे.

यावर दोन तोडगे आहेत. पहिला खर्चिक आणि प्रतिष्ठेचा: मॅक्रो लेन्स घ्यावी, फोकस किंचित सरकवत दहा-वीस फोटो काढावेत आणि संगणकावर ते एकात एक मिसळावेत. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. काही कॅमेरे हे काम स्वतःच उरकतात. फळ म्हणून नाकापासून झग्यापर्यंत प्रत्येक चूक सारख्याच स्पष्टतेने समोर येते.

दुसरा तोडगा फुकटचा असल्याने त्याला प्रतिष्ठा नाही. कॅमेरा मागे घ्यावा आणि नंतर चौकट कापावी. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या झूम लेन्सने मूर्तीची सेन्सरवरची प्रतिमा मूळ आकाराच्या पाव पट मिळाली, की एफ ११ ला फोकसची खोली सुमारे १३ मिलिमीटर होते. झग्याचे टोक तेवढे मऊ राहते. फुल फ्रेमवरच्या ६००० गुणिले ४००० पिक्सेलच्या, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फोटोत ४० मिलिमीटरची मूर्ती तरीही १६०० पिक्सेलांहून उंच उरते. पडद्यावर दाखवायला इतके पुरते. हे गणित दुकानात मोठ्याने करू नये. मेगापिक्सेलचा प्रश्न यातच निकालात निघतो, त्यावर वेगळे लिहिण्यासारखे काही नाही.

ट्रायपॉड मात्र हवाच. सैनिक हलत नाही, हा या छायाचित्रणातला सर्वांत मोठा लाभ आहे आणि हातात धरलेला कॅमेरा तो वाया घालवतो. ट्रायपॉडवर आयएसओ १०० ठेवून शटर एक सेकंद उघडे राहिले तरी बिघडत नाही, फक्त दोन सेकंदांचा टायमर लावावा. त्या वेळात टेबलावर हात आपटू नये आणि मांजर दुसऱ्या खोलीत असावे.

प्रकाशासाठी एकाच जातीचे दोन एलईडी दिवे आणि त्यांपुढे ट्रेसिंग पेपर पुरतो. खिडकीतला दिवसाचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र आले तर अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा नारिंगी येतो; अनुभवी लोक अशा वेळी, मशालीचा उजेड मुद्दाम रंगवला आहे, असे सांगतात. पांढऱ्या कागदापुढे कॅमेऱ्याचा मीटर फसतो आणि कागद करडा करतो, म्हणून एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवावे. काळ्या पडद्यापुढे उलट करावे, नाहीतर काळे चिलखत राखाडी होते. नुसत्या करड्या रंगाच्या छटांनी पोलादाची चकाकी भासवली असेल, तर खरा दिवा तिला विरोध करणार नाही अशा बाजूला ठेवावा. दिवे आणि कागद यांचा खर्च कॅमेऱ्याच्या मानाने नगण्य आणि फोटोत पडणारा फरक कॅमेऱ्यापेक्षा मोठा, त्यामुळे ही खरेदी सहसा सर्वांत शेवटी होते.

खर्चाला घरातून मंजुरी मिळवताना कॅमेरा वाढदिवस, सहली आणि देवदर्शनासाठी घेत असल्याचे नमूद करण्याची प्रथा आहे. प्रथा पाळायची तर पहिल्या महिन्यात एक तरी वाढदिवस टिपावा आणि छिद्र एफ ११ वरून मोकळे करायला विसरू नये. नाहीतर केक अंधारात आणि यजमान हललेले येतात.

दुकानात जाताना खिशात एक रंगवलेला सैनिक कापसात गुंडाळून न्यावा. काउंटरवर तो उभा करून लेन्स किती जवळून फोकस धरते हे स्वतः पाहावे, पडदा फिरतो का आणि मोठे करून पाहता येते का हे तपासावे. विक्रेता सैनिकाकडे पाहून वयाची चौकशी करील. भाच्याचा आहे असे सांगणे मान्य आहे. नवा कॅमेरा परवडत नसेल तर जुना घ्यावा. या कामाला जलद फोकस, व्हिडिओ किंवा पावसात टिकाव यांतले काहीच लागत नसल्याने दहा वर्षांपूर्वीचा कॅमेराही चालतो. फक्त सेन्सरवर डाग आहेत का, हे एफ १६ ला कोऱ्या कागदाचा फोटो घेऊन पाहावे.

असे कॅमेरे बाजारात भरपूर येतात, कारण पहिल्या मालकाने बुबुळ मोठे करून पाहिलेले असते. त्याला तो विकायचा असेल तर जाहिरातीसाठी कॅमेऱ्याचा फोटो लागतो. तो फोनवर काढला तरी चालतो.