न्हाणीमागची केळ : बाभुळगावकरांसाठी शास्त्रशुद्ध मार्गदर्शन

थंड मुलखातले बागकामवाले केळीला हिवाळ्यात पेंढा गुंडाळतात. आपल्याला ती गरज नाही, कारण बाभुळगाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, नकाशाप्रमाणे पक्क्या उष्णकटिबंधात आहे. हा दाखला मे महिन्यात केळीला दाखवून पाहावा. पारा चव्वेचाळीसवर आणि हवा कोरडी ठणठणीत असली की तिची पानं कडांनी करपतात. तिला ऊन चालतं, पण मुळाशी ओल लागते. म्हणून पहिली पायरी : नकाशाची घडी घालावी आणि न्हाणीचं सांडपाणी कुठे जातं ते पाहावं. केळीचा खरा कटिबंध तिथेच सुरू होतो.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर इतिहास तपासावा. १८३०च्या दशकात जोसेफ पॅक्स्टनने इंग्लंडात चॅट्सवर्थला ड्यूकच्या काचघरात केळ फुलवली. त्या घराण्याचं नाव कॅव्हेंडिश, तेच केळीच्या एका गटाला पडलं. आपली बसराई आणि ग्रँड नैन त्याच गटातल्या. दूरचं नको असेल तर जळगाव घ्या. उन्हाळा आपल्याइतकाच जाळणारा, तरी २०१६ मध्ये तिथल्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. विहिरीचं पाणी, ठिबक आणि वारा अडवायला बांधावर शेवरी : हवामानाची उणीव माणसांनी अशी भरून काढली. पॅक्स्टनपाशी काचघर होतं, जळगावात विहिरी आहेत, आपल्यापाशी आंघोळ करणारं कुटुंब आहे.

यावर आक्षेप येतील. बेंबळा धरण तालुक्यातच असताना न्हाणीचं पाणी कशाला? कारण कालवा शेतात जातो, परसात येत नाही. साबणाचं काय? अंगाच्या साबणाचा थोडा फेस केळ सोसते. धुण्याच्या सोड्याचं पाणी मात्र जमीन खारवतं, ते दुसरीकडे वळवावं. डास होतील? पाणी साचू दिलं तर होतील, शिवाय काळ्या मातीत कंदही सडेल. म्हणून खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळून वर पालापाचोळा पसरावा. शेवटचा आक्षेप भावनिक असतो : घड एकदाच येतो आणि झाड संपतं. त्यासाठी बुडाशी मुनवे फुटतात. त्यांतला एक जोमदार ठेवून बाकीचे निर्दयपणे काढावेत. जो दयेपोटी सगळे राखतो, त्याला भरपूर पानं मिळतात आणि फणी बाजारातून आणावी लागते.

लागवड मृगात करावी. घड हाती यायला साधारण वर्ष लागतं, कधी त्याहून थोडं जास्त. त्या काळात घरातल्या कुणी आंघोळीला दांडी मारली, तर तो कौटुंबिक प्रश्न न मानता पाटबंधाऱ्याचा मानावा आणि पाळी चुकवणाऱ्यावर तशीच कारवाई करावी.